शाईआधीचं नाव

वर्षालीच्या टॅगवर नुसती निळाई आली.

बाकी सगळ्या बायकांच्या टॅगवर नावं उमटली होती. डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये लहान लहान चौकोन, एकेका चौकोनात एकेक बाई, आणि प्रत्येकीच्या हातातल्या ओल्या कागदावर निळ्या-जांभळ्या शाईतून पांढरी अक्षरं वर आलेली, गढूळ पाण्यात मासोळीनं कूस बदलावी आणि तिचं पोट क्षणभर चमकून जावं तशी. क्लास घेणारी स्वरूपा मॅडम नाशिकहून बोलायची. तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की पांढऱ्या मेणखडूनं आधी बाळाचं नाव लिहा; पांढऱ्यावर पांढरं, ते दिसणार नाही, दिसत नाही म्हणून परत परत गिरवत बसू नका; मग प्लॅस्टिकच्या तुकड्यावर शाईचा पॅड चोळा, वर पाण्याचा फवारा मारा, त्या थेंबांत टॅग उपडा टेकवा आणि उचला. मेणावर शाई बसत नाही. वर्षालीनं खडू हातात घेतला होता, टॅगवरून फिरवलाही होता, पण कागदाला टेकवला नव्हता. बोटं हवेतच डावीकडून उजवीकडे गेली आणि थांबली. पुढचं सगळं तिनं मन लावून केलं. शाई चोळली, पाणी फवारलं, टॅग टेकवून उचलला, आणि निळा रंग कडेकडेनं गडद आणि मध्ये फिकट असा सुंदर पसरला. मध्ये काही नव्हतं.

"वर्षालीताई, तुमचा दाखवा बरं," मॅडम म्हणाली. "अगंबाई, शेड काय छान आलीय. पण नाव कुठं गेलं?"

"नाव अजून ठेवलं नाही."

"मग नुसतं बाळ लिहा की," सांगलीची कुणीशी एक हसत म्हणाली. "बाळ म्हणलं की सगळ्यांत बसतंय."

वर्षालीही हसली. मग रेंज नाही असं पुटपुटून तिनं आपला चौकोन काळा केला, आणि त्या काळ्या चौकोनात पांढऱ्या अक्षरांत तिचंच नाव आलं.

नाव अजून ठेवलं नाही. हे वाक्य ती पूर्वी एकदा बोलली होती, याच सुरात, थोडं लाजून, थोडं दमून. लोखंडी पलंग, छतावर संथ फिरणारा पंखा, आणि पायाशी उभी असलेली सिस्टर, तिच्या हातात पुठ्ठ्याचा लहान तुकडा आणि निळं पेन. बाळाचं नाव काय लावू म्हणून तिनं विचारलं होतं, आणि वर्षालीनं हे उत्तर दिल्यावर ती मान वर न करता म्हणाली होती, मग बेबी ऑफ वर्षाली लावते. पुठ्ठ्याला भोक पाडून, त्यातून पट्टीच्या कापडाची चिंधी ओवून, तिनं ती मुलीच्या पायाला बांधली. घोट्याहून पुठ्ठा मोठा. मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि वर्षालीला भिंत धरत धरत जाऊन पेटीबाहेरून बघता यायचं. कुणीतरी पाय पुसताना स्पिरिटचा बोळा त्या पुठ्ठ्यावर फिरला असेल. पहिली अक्षरं फुटून त्यांचा निळा ढग झाला होता आणि खाली वर्षाली एवढंच शाबूत राहिलं होतं. बाळ श्वास घ्यायचं तेव्हा पाय हलायचा, पाय हलला की तिचं नाव हलायचं. बारशाचा दिवस यायच्या आधीच ते हलायचं थांबलं. नवरा ज्योतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ प्रज्वल पहाटे मुलीला घेऊन गेले. कुठं नेलं ते वर्षालीला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी, जेवता जेवता, ज्योतीराम ताटाकडे बघत एवढंच म्हणाला होता की पायाचं ते सोडायचं राहून गेलं. म्हणजे मुलीबरोबर मातीत गेलं ते वर्षालीचं नाव. तेव्हापासून कंपनीत कुणी लांबून हाक मारली की ओ द्यायला तिला क्षणभर उशीर होतो. हिंदुराव सुपरवायझर म्हणतो, "मॅडम, तुमचं नेटवर्क वीक आहे राव."

क्लास पूनमनं लावून दिला होता. पूनम प्रज्वलची बायको, म्हणजे वर्षालीची धाकटी जाऊ; चिंचवडला मोठ्या सोसायटीत राहणारी, बँकेत नोकरी करणारी, मनानं चांगली. तिला मुलगी झाली. बारसं हॉलमध्ये करायचं, आल्या बाईला परतीची भेट म्हणून रोपाची कुंडी द्यायची आणि प्रत्येक कुंडीला हातानं केलेला टॅग, त्यावर शाईनं मुलीचं नाव. "ताई, तुमचा हात किती स्वच्छ आहे," पूनम फोनवर म्हणाली होती, "तुम्ही कंपनीतसुद्धा टॅगच लावता ना? हा क्लास गुरुवारी दुपारी असतो, तुमच्या सुट्टीचाच वार." वर्षाली हो म्हणाली. फोन ठेवल्यावर ती ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली. बारशाचं काही काम आपल्याला द्यायचं आणि पाळण्याची दोरी तर द्यायची नाही, असं तिघीचौघींनी बसून ठरवलं असेल काय? कुणी तसं म्हणालं नसेल. तसं कुणीच म्हणत नाही. तिला टॅग दिले होते. टॅग घरी बसून करता येतात.

आणि सुमनताईंनी अडवलं होतं. सुमनताई ज्योतीराम-प्रज्वलची थोरली बहीण, वर्षालीची नणंद, चिंचवड गावठाणात राहणारी. या घरात परांड्याकडच्या गावची रीत अजून चालते. बाळाचं नाव आत्यानं काढायचं, आणि बाळ पाळण्यात पडेपर्यंत ते कुणाला सांगायचं नाही, आईला तर नाहीच. मग आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करते आणि नाव सांगते, आणि ती वाकलेली असतानाच बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. का घालतात ते कुणाला नीट ठाऊक नाही. एवढे दिवस नाव दाबून ठेवलं म्हणून असेल. सुमनताईंनी पूनमला साफ सांगितलं, बारशाआधी नाव कागदावर येत न्हाई. पूनम रडकुंडीला आली, प्रज्वलनं मध्यस्थी केली, शेवटी तोडगा निघाला की सुमनताई एकट्या वर्षालीला नाव सांगतील, तोंडी, समोरासमोर, आणि वर्षाली बारशापर्यंत कुणाजवळ तोंड उघडणार नाही. त्यासाठी त्या आज दुपारी दिघीला, वर्षालीच्या घरी यायच्या होत्या.

पूनमला यात फक्त टॅग दिसत होते. वर्षालीला तोडगा निघाला त्या रात्रीपासून दुसरंच दिसत होतं. तिच्या मुलीसाठीही सुमनताईंनी नाव काढलेलं होतं. काढलेलं असणारच, त्या तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून असायच्या, आणि मध्येच ओठ मिटून स्वतःशी हसायच्या, तोंडात खडीसाखर धरल्यासारख्या. ते नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायला कान उरला नव्हता. मग ते गेलं कुठं? नाव असं तोंडात विरघळून जातं का, की दाढेखाली राहतं? आणि आता त्याच आत्याला, त्याच घरात, दुसऱ्या मुलीचं नाव काढायचं होतं. सुमनताई आज येऊन जे सांगतील ते नवं असेल की जुनंच, हे वर्षालीला कळणार नव्हतं. ती निमूट ते खडूनं लिहील, त्यावर शाई फिरवील, टॅगाटॅगावर ते पांढरं होऊन वर येईल, आणि ते आपल्याच मुलीचं आहे की नाही हे तिला जन्मभर समजणार नाही. हॉलमध्ये बाया कुंड्या घेऊन घरी जातील.

मोबाइलमध्ये मॅडम आता दोरा ओवायला शिकवत होती. वर्षालीनं परत चौकोन उघडला. भोक पाडायचं, भोकाभोवती कागदाची गोल चकती चिकटवायची, दोरा दुमडून घालायचा आणि त्याच्याच फासातून ओढून घ्यायचा. वर्षालीचे हात मॅडमच्या पुढे गेले. तिनं दोरा घातला, दोन्ही टोकांना तीन पीळ दिले, उलटा वळसा घेऊन दाबून टाकला.

"ताई, ताई," मॅडम हसली, "हा सोडायला पक्कड लागेल. बाळाच्या कुंडीला आहे हो, पार्सलला नाही."

वर्षालीनं बघितलं तर खरंच कंपनीचा पीळ पडला होता. आणखी म्हणजे उजव्या कोपऱ्यात तिनं नकळत पेननं बारीक तिरकी रेघ मारली होती, तपासणाऱ्याची खूण. चाकणच्या त्या कारखान्यात ती इतकी वर्षं लोखंडी ब्रॅकेट तपासत आली. दिव्याखाली ब्रॅकेट धरायचं, बोटाच्या पेरानं कड चाचपायची, डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला लागते. ठीक असेल तर हिरवा टॅग, नापास असेल तर लाल. आणि जिथं सांगता येत नाही तिथं पिवळा. पिवळ्या टॅगचा माल जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. तो ना पुढं गाडीला लागायला जातो, ना मागं भट्टीत वितळायला. कुणीतरी मोठा साहेब येऊन ठरवील म्हणून तो पडून राहतो, त्यावर धूळ बसते, टॅगवरची शाई फिकी होते, आणि पिंजऱ्याजवळून जाताना सगळे मान दुसरीकडे वळवतात. वर्षालीचा हात पिवळ्या टॅगकडे लवकर जायचा. हिंदुराव एकदा पिंजऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, "निर्णय द्या की मॅडम. पिवळा लावला की तुम्ही मोकळ्या, अन् मी इथं म्हशी राखल्यासारखा." सगळ्या लाइनवरच्या पोरी हसल्या होत्या. वर्षालीही. पण बसमधून परतताना, मोशीपाशी ट्रकांच्या रांगेत गाडी अडकलेली आणि खिडकीतून कांद्याचा उग्र वास आत आलेला असताना, तिला एकाएकी वाटलं होतं की आपल्या घरात असा एक पिंजरा आहे आणि आपण तिघं-चौघं त्याच्याजवळून मान वळवून जातो.

क्लास संपला. बायकांनी हात हलवले, चौकोन एकेक करून विझले. वर्षालीनं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळी बांधून तिच्यावर टॅग चिमट्यांनी वाळत घातले. नाव नसलेले, निळ्या रंगाचे. खिडकीबाहेर मिलिटरीची तार आणि तारेपलीकडे माळाचं उंच पिवळं गवत. वारा तिकडून यायचा, आधी गवत वाकायचं, मग टॅग हलायचे. ज्योतीराम ओव्हरटाइमला गेला होता. घरात कुणी नव्हतं, तरी तिनं पावलं हळू टाकली. ओट्याखाली पाटा-वरवंटा होता. आता मिक्सर आहे, पाट्यावर कुणी काही वाटत नाही. पण सासूबाई, भिमाबाई, गावाहून येताना तो घेऊन आल्या होत्या आणि त्या गेल्यावरही तो तिथंच राहिला. बारशाला वरवंट्याला टोपरं घालून, काजळ लावून, बाळासारखा पाळण्याखालून-वरून फिरवतात, आधी वरवंटा, मग बाळ, म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं. भिमाबाईंनी तेव्हा वरवंटा घासून, धुऊन, त्याला स्वतः शिवलेलं लाल टोपरं घालून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी दवाखान्यातून डबा परत आला की त्या टोपऱ्याची दोरी सोडायच्या आणि परत बांधायच्या, आणि बारीक आवाजात म्हणायच्या,

तान्ही माझी मैना, तिला नावाची गं घाई,
आत्याबाई वाटेवर, तिची वाट सरंना बाई.

ओवी त्यांची स्वतःचीच, जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडून येते तशी आलेली. वर्षाली दवाखान्यातून रिकामी घरी आली तेव्हा वरवंटा टोपरं घालूनच बसला होता. कुणाला ते काढायचं सुचलं नाही. किंवा सुचलं, पण हात झाला नाही. भिंतीला टेकलेला, तोंड नसलेला, शहाण्या बाळासारखा तो कितीतरी दिवस तसाच होता. मग एके सकाळी टोपरं नव्हतं, आणि पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटलेली होती. भिमाबाईंनी वाटली होती. त्या दिवशी त्यांनी चटणी सगळ्यांना वाढली आणि स्वतः घेतली नाही. वर्षालीनं घेतली. ती तिखट होती. झबली समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला गेली, पाळणा प्रज्वलच्या एका मित्राकडे गेला, गुटीची सहाण कुणी नेली ते आठवतही नाही. चांगल्या वस्तू होत्या, पडून राहण्यात काय अर्थ, असं म्हणून सगळं पुढं पुढं गेलं. कुणाचं चुकलं असं नाही. पुढं जाणारं ते जातंच.

दार वाजलं. सुमनताई जिना चढून आल्या होत्या. एका हातात पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर. बदामी रंगाचं पातळ, कपाळावर घाम.

"लिफ्ट बंद हाय तुमची. माणसानं वर यावं का खालूनच हाक मारावी?"

"बसा ताई. पाणी आणते."

"पाणी दे अन् पंखा लाव. हे काय, पताका लावल्यास का काय?" त्या खिडकीजवळ गेल्या, एक टॅग बोटानं उलटासुलटा केला. "निळं आभाळच केलंस की. ह्याच्यावर लिवायचं व्हय? कशानं?"

वर्षालीनं मेणखडू दाखवला. आधी हे, मग शाई, मग ते दिसतं, असं सांगितलं. सुमनताईंनी खडू हातात घेऊन नखानं खरवडून बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे आधी लपवायचं, मग दावायचं. बारशावाणीच हाय मग." पाणी प्यायल्या. पिशवीतून केळी काढून ओट्यावर ठेवली. पूनमची तब्येत, मुलीचं जावळ, हॉलवाल्यानं जेवणाचे किती सांगितले आणि प्रज्वल कसा गप्प बसला, हे सगळं सांगून झालं. मग त्या थांबल्या. पदराच्या टोकाला पीळ देत बसल्या. आणि वर्षालीला कळलं की त्यांना काही सांगायचं आहे ते नुसतं नाव नाही.

"वर्षाली, मी नाव सांगाया आले न्हाई," सुमनताई म्हणाल्या. "विचाराया आले."

वर्षाली उभीच राहिली. हाताला शाई लागलेली होती, ती तिनं कुठंच टेकवली नाही.

"पोरीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं अन् तेच तोंडात आलं. तवाचं. तुझ्या पोरीचं. मी म्हणलं, दुसरं बघू. लई बघितलं. मोबाइलमधी बघितलं, नातीला विचारलं. एक जीभंवर बसंना. ह्या नावानं जागा धरलीया, दुसऱ्याला बसूच देत न्हाई." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण पीळ देणारी बोटं पांढरी पडली होती. "इतकी वर्सं तोंडात हाय ते. सांगता येत न्हाई अन् थुकताबी येत न्हाई. तू व्हय म्हणलीस तर ते हिला देते. न्हाई म्हणलीस तर गिळते. पण तुला न विचारता दिलं असतं तर मेल्यावर तुझ्या पोरीला काय सांगितलं असतं?"

बाहेर गवत वाकलं, टॅग हलले. वर्षालीला आधी आनंदच झाला, लख्ख, भलताच. कुणीतरी इतकी वर्षं तिच्या मुलीला तोंडात धरून वागवलं होतं. मग त्या आनंदामागून दुसरं काहीतरी आलं. ती बघत राहिली. व्हय म्हटलं तर ते नाव चिंचवडच्या त्या फ्लॅटमध्ये धावेल. त्याला दात येतील. पूनम गॅलरीतून त्याला हाक मारील, शाळेची बस त्याच्यासाठी थांबेल, दिवाळीला ते दिघीला येऊन याच खिडकीतून माळावरचे मोर बघील, आणि वर्षाली त्याला लाडू देईल, आणि नावानं बोलावून म्हणेल, ये बाळा. तिला जे कधीच करायला मिळालं नाही ते सगळं करता येईल, त्याच नावानं. नाव जगेल. कुणीही म्हणेल की याहून चांगलं काय. आणि तरीही ते या घरातून जाणारच होतं. झबली गेली तशी, पाळणा गेला तसा. चांगली वस्तू आहे, पडून राहण्यात काय अर्थ. बोटाच्या पेराला चीर लागावी तशी ती तिला लागली. दिसत काही नव्हतं. थोडे दिवस द्या ताई, विचार करते, असं म्हणता आलं असतं. सुमनताई थांबल्या असत्या. बारसं थांबलं नसतं, कुणीतरी काहीतरी ठरवलं असतं, आणि ती मोकळी झाली असती. तिचा हात पिवळ्याकडे निघाला होता. तो तिनं ओळखला.

"नको," ती म्हणाली.

सुमनताईंनी वर बघितलं.

"नको ताई. पूनमच्या मुलीचं सगळं चांगलं होऊ दे. पण ते तिचं नाही. माझ्या मुलीचं सगळं दिलं आपण. हे एक राहू दे."

"बरं," सुमनताई म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "बरं." आणि तोंड पुसलं, जसं काही खाऊन झालं होतं.

"पण गिळू नका," वर्षाली म्हणाली. "सांगून टाका."

"कुणाला?"

"मला."

"आईला न्हाई सांगत गं. बाळाच्या कानात सांगत्यात."

"तिच्या पायाला माझं नाव बांधलं होतं," वर्षाली म्हणाली. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. शब्द तिच्याच तोंडून येताना तिला नवे वाटले. "वरचं पुसून गेलं होतं. नुसतं वर्षाली राहिलं होतं. तसंच नेलं तिला. तिचं म्हणून जे काही आहे ते माझ्याच नावावर आहे, ताई. तिच्यासाठी मी ऐकते."

सुमनताई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, ओट्याखाली वाकून त्यांनी वरवंटा बघितला, आणि त्याला नुसता हात लावून तो हात कपाळाला नेला. मग वर्षालीला खांदा धरून जमिनीवर बसवलं. वर्षाली मांडी घालून बसली आणि मान तिरकी केली. सुमनताई तिच्यावर वाकल्या, पाळण्यावर वाकतात तशा, एक हात भिंतीला, पदर दुसऱ्या हातानं आवरलेला. त्यांच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता. कानाच्या पाळीला ओठ टेकले. आधी ते कुर्रर्र, पाखरू उडाल्यासारखं, म्हाताऱ्या घशातून फाटत आलेलं. मग नाव.

लहानसं नाव होतं. वर्षालीला वाटलं होतं की इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते फार मोठं झालेलं असेल. तसं काही नव्हतं. दोन अक्षरांचं, गावाकडचं, बांधावर उभं राहून हाक मारता येईल असं. ते कानातून आत गेलं आणि कुठं जाऊन बसलं ते तिला नेमकं कळलं. काचेच्या पेटीतला पाय एकदा हलला.

सुमनताई वाकलेल्याच होत्या. वर झाल्या नाहीत.

"हाण की," त्या म्हणाल्या.

वर्षालीला समजेना.

"पाठीत हाण. हितं दुसऱ्या बाया कुठनं आणू? नाव सांगितल्यावर आत्याला तसंच सोडत्यात व्हय?"

वर्षाली उठून त्यांच्या मागं गेली आणि मूठ वळून तिनं ती त्या बदामी पाठीवर हलकेच टेकवली. सुमनताई म्हणाल्या, "अशी कुणी मारतं का? अंगारा लावतीस का काय." तिनं परत मारलं. मग परत. पाठ रुंद होती, उबदार होती, आणि दर बुक्क्याला तिच्यातून घुमल्यासारखा आवाज यायचा. एवढे दिवस सांगितलं नाहीत. एवढे दिवस कुणीच काही बोललं नाही. टोपरं कुणी काढलं ते सांगितलं नाहीत, कुठं पुरलं ते सांगितलं नाहीत. ती हे मोठ्यानं म्हणत होती की मनात, ते तिला कळत नव्हतं. दोन्ही मुठी पडत होत्या. सुमनताई भिंत धरून उभ्या होत्या आणि प्रत्येक बुक्क्याला हां, हां म्हणत होत्या, बाळाला थोपटावं तसं, आणि त्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं. मग वर्षालीचे हात थकले. तिनं कपाळ त्याच पाठीला टेकवलं आणि तशीच राहिली.

चहा झाला. सुमनताईंनी आरशात पाठमोरं होऊन मान वळवून बघितलं. पातळावर आणि चोळीवर निळ्या मुठी उठल्या होत्या, एकावर एक, कडा गडद आणि मध्ये फिकट.

"आता ही घेऊन मी बसनं जाऊ?"

"धुतल्यावर जाईल बहुतेक. थांबा, साबण आणते."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पदर घेते." पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाल्या, "हिचं नाव काढते आता. जीभ मोकळी झालीया, येईल कायतरी. पण तुला न्हाई सांगायची. टॅग कोरेच आण. बारसं झालं की मी तिथं बसून एकेकीला लिवून देईन. पूनमला काय करायचं ते करू दे."

"आणि पाळण्याची दोरी?" वर्षालीनं विचारलं.

सुमनताईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "दोरी तू धरायची," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या. पायऱ्यांवरून त्यांच्या गुडघ्यांबद्दलची कुरकूर बराच वेळ ऐकू येत राहिली.

वर्षाली आत आली. उन्हं कलली होती, खिडकीच्या गजांच्या सावल्या पाट्यापर्यंत पोचल्या होत्या. तिनं हात धुतले; निळं नखांच्या कडांत राहिलं. मग एक नवा टॅग घेतला, कोरा, आणि मेणखडू टेकवला. अक्षरं दिसत नव्हती, फक्त हाताला कळत होती. खडू अडखळत, चिकटत चालला होता. गिरवलं नाही. दोरा ओवला आणि त्याला कंपनीचा पीळ दिला, तीन वळसे आणि उलटा दाब. मग तो टॅग निळ्या टॅगांच्या रांगेत चिमट्यानं लावला. तारेपलीकडून वारा आला. सगळे टॅग फिरले, निळे, पांढरे, निळे, आणि तो एक दोन्हीकडून पांढरा.

शाईच्या पॅडला तिनं झाकण लावलं आणि तो डब्यामागं ठेवून दिला.